वाचकांचे प्रश्न : कोवळे तेजोमेघ आणि रेडिओ दुर्बिणी

मागील अंकात ग्रहीय तेजोमेघांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो, उरलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो आणि काही हजार वर्षे टिकणारा तेजोमेघ तयार होतो, हा त्या टिपणाचा मथितार्थ. नावात ग्रह असला तरी ग्रहांशी त्याचा काहीही संबंध नाही, हेही तेथे सांगितले होते. असे तेजोमेघ अगदी कोवळे असताना त्यांचा अभ्यास मुख्यतः रेडिओ दुर्बिणींनी करावा लागतो, असे एक वाक्य त्यात ओघात आले होते आणि सोलापूरच्या वाचकांनी नेमके तेच धरून ठेवले. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : हबल दुर्बिणीने टिपलेली या तेजोमेघांची छायाचित्रे इतकी रेखीव असताना रेडिओ दुर्बिणीची गरजच काय? रेडिओ दुर्बिणीत तर रंगही दिसत नाहीत. (एक अध्यापिका, जुळे सोलापूर)

आपण पाहिलेली रेखीव छायाचित्रे बहुतांशी वयाने बऱ्याच वाढलेल्या तेजोमेघांची असतात. कोवळ्या तेजोमेघाची गोष्ट वेगळी आहे. तेजोमेघ होण्यापूर्वी तारा राक्षसी अवस्थेत असतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला १० ते २० किलोमीटर वेगाने वायू सतत बाहेर वाहत असतो. अखेरच्या टप्प्यात हा ऱ्हास एवढा वाढतो की, तारा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा लाखावा आणि क्वचित दहा हजारावा भागही गमावू शकतो. हा वायू दूर जाऊन थंड झाला की त्यात कार्बनची किंवा सिलिकेटची धूळ जमते. पुढे गाभा उघडा पडून तापू लागतो आणि त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २५ ते ३० हजार केल्विनपर्यंत पोहोचले की त्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनचे आयनीभवन करू लागतात, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करू लागतात. तेजोमेघाचा जन्म या क्षणी होतो. पण त्या क्षणी तो स्वतःच्याच धुळीच्या दाट आवरणात असतो. दृश्य प्रकाशाचा मोठा भाग ही धूळ शोषून घेते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते.

धुळीचे कण मायक्रॉनच्या आतबाहेरचे असतात, तर रेडिओ लहरींची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. एवढ्या लांब लहरींना ही धूळ जवळजवळ आडवी येतच नाही. त्यामुळे आतल्या आयनीभूत वायूचा खरा आकार आणि खरी तेजस्विता प्रथम कळते ती रेडिओ निरीक्षणांतूनच. त्यातून आणखी एक गोष्ट साधते. हायड्रोजनच्या दृश्य रेषा आणि रेडिओ लहरी ही दोन्ही त्याच इलेक्ट्रॉन-प्रोटॉनांची निर्मिती असल्याने त्यांचे परस्पर प्रमाण भौतिकशास्त्राने ठरलेले असते. प्रत्यक्षात मिळालेला प्रकाश त्या प्रमाणापेक्षा जितका कमी भरतो, तितका तो वाटेतल्या धुळीने गिळलेला असतो. म्हणजे धुळीचाही हिशेब लागतो.

रंगांविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाच्या वर्णपटात हिरव्या रेषा पाहिल्या आणि त्या दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनच्या आहेत, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले. कोणते मूलद्रव्य किती, हे आजही मुख्यत्वे दृश्य वर्णपटच सांगतो. रेडिओ दुर्बीण त्याला पर्याय नाही. ती घनता, आकार आणि वय यांची साक्ष देते.

प्रश्न : माझी नोकरी विजेच्या क्षेत्रात गेली. प्रक्षेपक नसताना वायूचा ढग रेडिओ लहरी कशा सोडतो आणि त्यांवरून त्याचे कोवळेपण कसे ओळखतात? (एक निवृत्त अभियंता, होटगी रस्ता)

आयनीभूत वायूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. असा इलेक्ट्रॉन एखाद्या प्रोटॉनच्या जवळून जाताना त्याच्या आकर्षणाने आपली वाट बदलतो. विद्युतभार असलेल्या कणाचा वेग किंवा दिशा बदलली की तो लहरी उत्सर्जित करतो, हे आपल्याला परिचितच आहे. तेजोमेघाचे तापमान सुमारे १० हजार केल्विन असते. त्या तापमानाला अशा असंख्य वळणांतून निघालेल्या लहरींचा एक अखंड वर्णपट तयार होतो. ना कोणती ठरावीक वारंवारता, ना कोणता सांकेतिक नमुना. हा निव्वळ उष्णतेचा रेडिओ गोंगाट असतो.

वय कळते ते या गोंगाटाच्या वर्णपटातील एका वाकावरून. हाच वायू रेडिओ लहरी शोषूनही घेतो आणि हे शोषण घनतेच्या वर्गाच्या पटीत वाढते, तर वारंवारता वाढली की जवळजवळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे कमी वारंवारतेला तेजोमेघ अपारदर्शक असतो आणि जास्त वारंवारतेला पारदर्शक. उसाच्या दाट फडाकडे बांधावरून पाहिले तर कडेच्या दोन-तीन सऱ्यांपलीकडचे काही दिसत नाही, विरळ फडात मात्र पलीकडची विहीरही दिसते. तसेच काहीसे येथे होते. अपारदर्शक असताना आपल्याला फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचे उत्सर्जन मिळते आणि ते वारंवारतेच्या वर्गाच्या पटीत वाढत जाते. पारदर्शक झाल्यावर संपूर्ण आकारमानातून उत्सर्जन मिळते आणि आलेख जवळजवळ सपाट होतो. चढण संपून सपाटी सुरू होते ती वारंवारता हीच या सगळ्याची किल्ली आहे.

कोवळ्या तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत इलेक्ट्रॉन असू शकतात. त्याचा वाक ५ गिगाहर्ट्झच्या पुढे, आणि फारच दाट असेल तर ४० गिगाहर्ट्झच्याही पलीकडे सरकतो. तोच तेजोमेघ पसरत जाऊन काही हजार वर्षांनी घनता शेकड्यावर आली की वाक १ गिगाहर्ट्झच्या बराच खाली उतरतो.

आपण अभियंते आहात, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, एका कोवळ्या तेजोमेघाचा आकाशातील व्यास १ कोनीय सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग आहे आणि त्याचे तापमान १० हजार केल्विन आहे. रेडिओ खगोलशास्त्रात जान्स्की हे एकक वापरतात; एका चौरस मीटरवर एका हर्ट्झमागे १ वॉटचे दहाचा सव्विसावा घात एवढे भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे १ जान्स्की. हा तेजोमेघ अपारदर्शक असेतोवर १.४ गिगाहर्ट्झला सुमारे ११ सहस्रांश जान्स्की देईल आणि ५ गिगाहर्ट्झला सुमारे १४० सहस्रांश जान्स्की. वारंवारता साडेतीन पटींनी वाढली आणि तेजस्विता तेरा पटींच्या जवळ गेली. एखाद्या नव्या बिंदूसारख्या उगमाचे या दोन वारंवारतांचे आकडे असे आले, तर तेथे दाट आयनीभूत वायू आहे, असे म्हणायला आधार मिळतो.

आधार मिळतो, पण खात्री होत नाही, आणि याविषयी लोकप्रिय लेखनात फार ढिलाई दिसते म्हणून मुद्दाम लिहितो. प्रत्यक्षातील तेजोमेघ एकसारख्या घनतेचा नसतो. केंद्रापासून दूर जाताना घनता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटणारा वारा असेल, तर चढण वर्गाऐवजी ०.६ या घाताची होते. दुसरे असे की, नुकत्याच जन्मलेल्या जड ताऱ्याभोवतीचा आयनीभूत वायू रेडिओ वर्णपटात अगदी असाच दिसतो. एक आयुष्याच्या आरंभीचा आणि एक अखेरचा, तरी आलेख एकच. त्यामुळे अवरक्त रंग, आजूबाजूला तारे जन्माला घालणारा रेणूंचा ढग आहे की नाही आणि दृश्य वर्णपट यांची साक्ष घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही.

प्रश्न : आपल्या खोडदच्या जीएमआरटीवर हे काम होऊ शकते का? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे रेडिओ खगोलशास्त्र करायचे मनात आहे. (एक विद्यार्थी, बाळे)

होऊ शकते, पण कोणत्या बाबतीत ही दुर्बीण बलवान आहे आणि कोणत्या बाबतीत नाही, हे आधीच समजून घ्या. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला उभी असलेली ही दुर्बीण (जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. त्यांतील १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना फाकलेल्या रांगांत असून टोकाचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. तिचे शिल्पकार, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भक्कम पत्र्याऐवजी तारांवर ताणलेली पोलादी जाळी वापरून अँटेनाचे वजन आणि खर्च दोन्ही कमी केले. जाळी चालते, कारण ही दुर्बीण मुद्दामच लांब लहरींसाठी, सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झसाठी बांधलेली आहे.

आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. कोवळे तेजोमेघ ज्या पट्ट्यात सर्वांत मंद दिसतात, नेमक्या त्याच पट्ट्यात जीएमआरटी काम करते. उदाहरणातला तेजोमेघ ६१० मेगाहर्ट्झला अवघा २ सहस्रांश जान्स्की देईल आणि ३२५ मेगाहर्ट्झला त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. शिवाय १.४ गिगाहर्ट्झला तिची विभेदनक्षमता, म्हणजे बारकावे वेगळे दाखवण्याची मर्यादा, सुमारे २ कोनीय सेकंद असल्याने त्याचा आकार न दिसता तो ठिपकाच दिसेल. तपशीलवार चित्र हवे असेल तर अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील २७ अँटेनांच्या व्हीएलए दुर्बिणीकडे जावे लागते. तेथे ४३ गिगाहर्ट्झला कोनीय सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंतचे बारकावे उलगडतात. रेणूंचा आणि थंड धुळीचा माग घ्यायचा असेल तर चिलीतील अटाकामा वाळवंटात ५ हजार मीटर उंचीवर असलेली ६६ अँटेनांची अल्मा दुर्बीण आहे.

असे असले तरी मंदपणा म्हणजे निरुपयोगीपणा नव्हे, आणि माझ्या मते एखाद्या प्रकल्पासाठी हीच बाजू अधिक रंजक आहे. पूर्ण अपारदर्शक वायूची रेडिओ तेजस्विता फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असते : त्याचे तापमान आणि आकाशातील त्याचे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ व्हीएलएच्या चित्रावरून घेतले आणि तेजस्विता जीएमआरटीने मोजली की इलेक्ट्रॉनांचे तापमान थेट हाती येते. मध्ये धुळीची दुरुस्ती नाही, मूलद्रव्यांच्या प्रमाणाची गृहीतके नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, काही नवजात तेजोमेघांत उष्णतेच्या गोंगाटाबरोबर चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जनही सापडले आहे आणि ते कमी वारंवारतेलाच जोर धरते. आयआरएएस १५१०३-५७५४ हे याचे गाजलेले उदाहरण. दुर्दैवाने ते इतके दक्षिणेला आहे की, खोडदच्या अँटेना तेवढ्या खाली झुकतच नाहीत. तसेच दुसरे उदाहरण आपल्या आकाशात शोधणे हे काम अजून करण्यासारखे आहे.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, ही दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली केली जाते. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठायचे. ती एकदा पाहून या.

प्रश्न : हे सगळे बदल हजारो वर्षांत होत असतील, तर एका माणसाच्या हयातीत काही घडताना दिसते का? (एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता)

दिसते. सारथी तारकासमूहातील सीआरएल ६१८ हा तेजोमेघ होण्याच्या उंबरठ्यावर असलेला उगम आहे. त्याची रेडिओ तेजस्विता १९७० च्या दशकापासून वाढत गेल्याचे मोजमापांत दिसले. त्या वाढीचा मागोवा घेतला तर त्यातील आयनीभवन १९७० च्या सुमारासच सुरू झाले असावे, असा निष्कर्ष निघतो. ताऱ्याच्या आयुष्याच्या तुलनेत हे म्हणजे आताच.

दुसरे उदाहरण पीठ तारकासमूहातील स्टिंगरे तेजोमेघाचे. त्याच्या मध्यभागी असलेला तारा १९७० च्या सुमारास एक साधा उष्ण तारा म्हणून नोंदला गेला होता. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील एम. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, त्याच्या वर्णपटात आता तेजोमेघाच्या रेषा उमटल्या आहेत. त्या ताऱ्याचे तापमान १९७१ मधील सुमारे २१ हजार केल्विनवरून २००२ पर्यंत ६० हजारांवर गेले आणि नंतर पुन्हा उतरू लागले. हबलची १९९६ आणि २०१६ ची चित्रे शेजारी ठेवली तर तेजोमेघ विझत चालल्याचे नुसत्या डोळ्यांनीही कळते. ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणींनी १९९१ पासून घेतलेल्या मोजमापांतही तेजस्वितेची घट दिसते. विझलेल्या गाभ्यावरील हेलियमच्या थरात पुन्हा एकदा भडका उडून तारा मागे वळला असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हंस तारकासमूहातील एनजीसी ७०२७ या तेजोमेघाचे वागणे याच्या तुलनेत फार शिस्तीचे आहे. तो सुमारे ३ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, त्याच्या आयनीभूत भागाचे वय हजार वर्षांच्या आत आहे आणि मधला तारा जवळजवळ २ लाख केल्विन तापलेला आहे. त्याची रेडिओ तेजस्विता इतकी संथ बदलते की, इतर उगमांच्या मोजणीसाठी तो प्रमाण म्हणून वापरला जातो. तरीही अनेक दशकांची व्हीएलएची मोजमापे एकत्र केल्यावर उच्च वारंवारतेला दर वर्षी हजारात एक-दीड भाग इतकी घट सापडली. अशी घट पकडायची तर दुर्बिणीचे मोजमाप वर्षानुवर्षे काटेकोर राखावे लागते, आणि या कामाची बातमी कधी होत नाही.

याच एनजीसी ७०२७ मध्ये २०१९ साली हेलियम आणि हायड्रोजन यांच्या संयोगाचा आयन सापडल्याचे जाहीर झाले. विश्वात सर्वांत आधी बनलेला रेणू म्हणून त्याची गणना होते. ते निरीक्षण विमानात बसवलेल्या अवरक्त दुर्बिणीचे होते, रेडिओ दुर्बिणीचे नव्हे, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

प्रश्न : मेसर हे वयाचे घड्याळ आहे, असे वाचले. ते कसे? (वरील बाळे येथील विद्यार्थी)

राक्षसी ताऱ्याच्या आवरणातील काही रेणू ठरावीक वारंवारतेच्या लहरींचे वर्धन करतात. त्यांना मेसर म्हणतात. ताऱ्याने वायू सोडणे थांबवले की आतल्या बाजूचे मेसर आधी विझतात : ४३ गिगाहर्ट्झचे सिलिकॉन मोनॉक्साइडचे दहा-एक वर्षांत, २२ गिगाहर्ट्झचे पाण्याचे शंभर-एक वर्षांत आणि १६१२ मेगाहर्ट्झचे हायड्रॉक्सिलचे हजार-एक वर्षांत. म्हणून के ३-३५ या तेजोमेघात २००१ मध्ये पाण्याचा मेसर सापडला तेव्हा तो अतिशय तरुण असल्याचे मानले गेले. ही कालगणना ढोबळ आहे. काही ताऱ्यांतून निघणारे वेगवान झोत पाण्याचे मेसर नव्याने पेटवतात आणि तेव्हा हे घड्याळ बिघडते.

प्रश्न : यांचे अंतर कसे मोजतात? तारा धुळीत लपलेला असेल तर नेहमीची पद्धत कशी चालेल? (वरील जुळे सोलापूर येथील अध्यापिका)

शंका अचूक आहे. ताऱ्याची स्थिती वर्षभरात किती हलते यावरून गाइया उपग्रहाने असंख्य अंतरे मोजली, पण दृश्य प्रकाशात मधला तारा नीट दिसत नसेल तर ती पद्धत लंगडी पडते. अशा वेळी रेडिओ दुर्बिणीने तेजोमेघाचे प्रसरण मोजतात. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने पसरणाऱ्या वायूची कड वर्षाला ६३ कोटी किलोमीटर पुढे जाते. ३ हजार प्रकाशवर्षांवरून पाहिल्यास ही सरकण कोनीय सेकंदाच्या हजार भागांपैकी साडेचार भाग एवढीच भरते. त्याच दुर्बिणीने, तीच वारंवारता आणि अँटेनांची तीच मांडणी ठेवून आठ-दहा वर्षांनी पुन्हा चित्र घेतले आणि दोन्हींची वजाबाकी केली, की कडेला एक बारीक कडे उरते. सरकलेला कोन त्या कड्यावरून आणि प्रत्यक्ष वेग वर्णपटातील रेषांवरून मिळाला की अंतर काढता येते. एनजीसी ७०२७ चे अंतर असेच मोजले गेले.

यात एक खाच आहे. वर्णपट वायूचा वेग सांगतो. चित्रात सरकताना दिसते ती आयनीभवनाची किंवा आघाताची सीमा, आणि ती वायूपेक्षा वेगाने पुढे सरकते. हा फरक दुर्लक्षिला तर अंतर खऱ्यापेक्षा कमी निघते. जुन्या शोधनिबंधांतील अंतरे पाहताना ही दुरुस्ती केली आहे की नाही, ते तपासावे.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशने असा तेजोमेघ पकडता येईल का? (इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, विजापूर रस्ता)

सूर्य पकडता येईल, तेजोमेघ नाही. डिश ज्या १० ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते, तेथे शांत सूर्य २५ ते ३० लाख जान्स्की देतो. या पट्ट्यात ठळक समजला जाणारा एनजीसी ७०२७ सुमारे ६ जान्स्की देतो. शिवाय तुझ्या डिशला आकाशाचा दोन-तीन अंशांचा पट्टा एकदम दिसतो, त्यात हा ठिपका वेगळा काढणार कसा?

त्याऐवजी एखाद्या हौशी मंडळाची सहा इंची दुर्बीण मिळाली तर तो डोळ्यांनी पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, परतीचा पाऊस उघडलेल्या रात्री, साडेआठच्या सुमारास सोलापूरहून तो उत्तरेकडे क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. शहरातील दिव्यांपासून थोडे दूर, तुळजापूर रस्त्याच्या बाजूला गेल्यास बरे. कमी वर्धनाला तो किंचित फुगीर, हिरवट ताऱ्यासारखा दिसेल. शंभरच्या पुढे वर्धन नेल्यावर तो तारा नाही हे लक्षात येईल.